अक्कांच्या मांडीवरचा टीव्ही

आबांनी मला पहिल्याच दिवशी नापास केलं होतं. धुळ्याहून बदली होऊन मी जळगावला आले आणि पिंप्राळ्यातल्या त्यांच्या घराच्या मागच्या दोन खोल्या भाड्याने मागायला गेले, तर हे गृहस्थ दारात उभे. सदऱ्याच्या खिशात लोक पेन लावतात तिथे व्हर्नियर कॅलिपर, कानामागे पांढरा खडू. नाव-गाव राहिलं बाजूला, आधी विचारलं काय, तर तुमच्या कपाटाची रुंदी किती. मला कुठली माहीत असायला! कपाटाची रुंदी ठाऊक नसलेला माणूस घर काय सांभाळणार, असं म्हणून त्यांनी दार लोटून घेतलं. मी पायरी उतरत होते तेवढ्यात आतून एका बाईचा आवाज आला, अहिराणीत, "धुयानी शे का वं तू? मंग मन्ह्या माहेरनीच शे." त्या अक्का, आबांच्या पत्नी. त्यांचं माहेर धुळ्याकडचं. पाच मिनिटांत माझ्या हातात चहाचा कप होता, आणि मी शाळेत भौतिकशास्त्र शिकवते हे कळल्यावर आबांनीही खोलीच्या चौकटीवर खडूने बरोबरची खूण केली. म्हणजे मी पास.

ही खूण पुढे मी घरभर पाहिली. आबा वरणगावच्या कारखान्यात तीसेक वर्षं तपासनीस होते. समोर माल यायचा, ते मापायचे, बरोबर असला तर पांढरी खूण, नसला तर लाल फुली. निवृत्त झाले, पण हाताला कोणी ते सांगितलंच नव्हतं. दुधाचं पातेलं, गॅसची टाकी, मांडणीवरचे डबे, सगळ्यांवर खुणा. भावाच्या मळ्यातून केळी आली की ओट्यावर ओळीने मांडून एकेक मापायचे. केळीच्या सालीवर खडू उमटत नाही, म्हणून खालच्या वर्तमानपत्रावर खूण करायचे. माझ्या एका मैत्रिणीच्या स्कूटरच्या टायरवर एकदा लाल फुली मारून ठेवली. ती बिचारी शाळेत मला विचारत बसली, हा काय प्रकार म्हणून. अक्कांच्या भाकरीची जाडीसुद्धा सुटायची नाही. तेव्हा अक्का तव्यावरून नजर न काढता म्हणायच्या, "बठ्ठं मापतस, सोतानं पोट मापता येत नही." आबा पोट आत घेत आणि पुढची भाकरी मापत.

त्यांची एक सवय मात्र मला फार आवडायची, वर्गात मुलींना सांगायचेसुद्धा मी. कारखान्यातून आणलेला एक पोलादी तुकडा त्यांच्याकडे होता, त्याचं माप पक्कं ठाऊक. रोज सकाळी कॅलिपर लावायचे तो आधी त्या तुकड्याला. आकडा बरोबर आला तर त्या दिवशी कॅलिपर वापरायचा, केसभर जरी चुकला तरी नाही. "आधी मापाचं माप घ्यायचं, बाई," असं म्हणायचे. "ज्याचं उत्तर आपल्याला माहीत आहे तेच त्याला आधी विचारायचं. तिथं खरं बोलला, तर पुढं विश्वास ठेवायचा."

आता त्यांच्या गाडीचं सांगते, कारण सगळं तिच्यापाशीच येतं. जुनी फियाट होती, दुधाळ रंगाची. आमची गल्ली अशी की गाडी आत सरळ यायची, पण वळवायला जागा नाही, म्हणून रस्त्यापर्यंत उलटीच न्यावी लागे. एका अंगाला गटार, दुसऱ्या अंगाला लोकांचे दगडी ओटे. आबा आरशात कधी पाहत नसत. अक्का गाडीच्या मागे उभ्या राहायच्या, तोंड गाडीकडे, पदर खोचलेला, आणि मागे मागे सरकत हाताच्या पंज्याने बोलवायच्या, "येऊ द्या, येऊ द्या, डावीकडून, येऊ द्या," आणि रस्ता आला की, "बस." आबा त्या आवाजावर गाडी सोडायचे. गल्लीत लोक हसायचे, म्हणायचे आबांच्या गाडीचं स्टिअरिंग मागे आहे. आबांना त्यात काही कमीपणा वाटत नसे. सगळ्या जगाची तपासणी करणारा हा माणूस एवढ्या एका गोष्टीत दुसऱ्याच्या शब्दावर डोळे मिटून चालायचा.

त्या सकाळी मी आत पेपर तपासत होते. बाहेर रोजचं चाललं होतं, येऊ द्या, येऊ द्या. मग आवाज थांबला. मला वाटलं, रस्ता आला असेल. पण "बस" काही ऐकू आलं नाही, आणि गाडीचा आवाज चालूच होता. मग आबांची हाक ऐकली. तशी हाक मी पुन्हा कधी ऐकली नाही आणि ऐकायची इच्छाही नाही. धावत गेले तर अक्का शेजाऱ्यांच्या ओट्यापाशी पडलेल्या, तोंड एका बाजूला वाकडं, डोळे उघडे. गाडी त्यांच्यापासून वीतभर अंतरावर.

डॉक्टरांनी सांगितलं की रक्तदाब वाढून मेंदूतली नस गेली. उजवा हात, उजवा पाय आणि बोलणं, तिन्ही गेलं. शिवाय पडताना खुब्याचं हाड मोडलं होतं. हात-पाय पुढेमागे थोडे सुधारतील, पण हाड असं मोडल्यामुळे चालणं आता कठीणच, असं ते म्हणाले. आबांनी एकच प्रश्न विचारला. ती आधी पडली, की आधी गाडी लागली आणि मग ती पडली? डॉक्टर म्हणाले, झटका आपोआपच आला, त्यात गाडीचा दोष नाही. आबा म्हणाले, झटक्याचं नाही विचारत, हाडाचं विचारतोय. ते कुणाला सांगता येणार? पाहणारं एकच माणूस होतं, आणि त्या माणसाची वाचा गेली होती.

दवाखान्यातून घरी आणल्यावर मी आबांना एक गोष्ट करताना पाहिलं, ती माझ्या डोळ्यांपुढून जात नाही. अक्कांच्या गुडघ्याच्या वर एक काळानिळा डाग होता. आबांनी टेप घेतला आणि टाचेपासून त्या डागापर्यंत मापलं. मग बाहेर जाऊन जमिनीपासून गाडीच्या बंपरची उंची मापली. मग शेजाऱ्यांच्या ओट्याच्या कडेची. बंपर आणि ओटा यांत अर्ध्या इंचाचा फरक, आणि डाग नेमका दोन्हींच्या मधे. तीन-तीनदा मापून ते ओट्यावर बसून राहिले. मी पाणी नेलं तर म्हणाले, "बाई, जन्मभर मापलं, आणि आता माप लागत नाही." गाडीवर ताडपत्री टाकली ती त्याच दिवशी.

त्यानंतरचे महिने वाईट गेले. अक्का खाटेवर नाहीतर खुर्चीत, भिंतीकडे तोंड करून. डॉक्टर म्हणाले होते की रोजच्या पाठातलं, सवयीचं काही असेल तर ते कधीकधी आधी परत येतं, तेव्हा बोलतं करा. आबांनी आरत्या म्हणून पाहिल्या, एक ते शंभर आकडे म्हणून पाहिले, आमच्या खानदेशातल्या कानबाई देवीची गाणी म्हणायला गल्लीतल्या बायका बोलावल्या. अक्का ऐकायच्या आणि डोळे मिटून घ्यायच्या. आबा खुर्चीशी उकिडवे बसून रोज विचारायचे, "सांग ना, गाडी लागली होती का तुला?" अक्का भिंतीकडे पाहायच्या. मला राग यायचा त्यांचा, खरं सांगते. आजारी बाईला असं काय छळायचं? एकदा तोंडावर बोललेही मी. ते म्हणाले, "तुम्हाला नाही कळायचं," आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

अक्कांचा उजवा हात सुजला आणि पाटल्या रुतायला लागल्या. त्या कापून घ्यायला म्हणून आम्ही त्यांना रिक्षात घालून सराफ बाजारात नेलं. दुकान मोठं, थंडगार, आणि शेठच्या गादीशेजारी एक छोटा टीव्ही. छताला कॅमेरा लावलेला होता, त्यात दुकानाचं दार दिसायचं. जळगावात तेव्हा ही नवलाई होती. अक्कांची खुर्ची दाराकडे पाठ करून ठेवली होती, समोर तो टीव्ही. कारागीर पाटली कापत होता. टीव्हीत दारातून एक माणूस आत आला, आणि अक्कांचा डावा हात हळूच वर आला. पंजा उघडला, मिटला. उघडला, मिटला. येऊ द्या, येऊ द्या. ओठही हलत होते, आवाज मात्र नव्हता. आबा पाटल्या-बिटल्या विसरले. गल्ल्यावरच्या पोराला धरून विचारायला लागले की हा कॅमेरा कुठं मिळतो, किती व्होल्टचा, किती मोठा. चोर समजून त्यांना हाकलतील की काय असं मला वाटलं.

पुढचे दोन महिने आबा त्या गाडीतच राहायला गेले म्हणा ना. कॅमेरा मुंबईहून पार्सलने आला, काड्यापेटीएवढा. टीव्ही घेतला तो पाच इंची काळा-पांढरा, लोक मॅच पाहायला शेतात बॅटरीवर लावायचे तसला. मेकॅनिक बोलवा म्हटलं तर नाही. अक्का कुठं उभी राहायची, तिची नजर कुठून कुठे जायची, ते मेकॅनिकला काय माहीत, असं त्यांचं म्हणणं. मसाल्याच्या डब्यातली एक स्टीलची वाटी घेतली, बुडाला भोक पाडून घड्याळाची काच बसवली, आत कॅमेरा, आणि ती वाटी डिकीच्या झाकणावर नंबरप्लेटच्या वर ठोकली. वायर पत्र्यात घासून तुटू नये म्हणून मळ्यातली ठिबकची नळी आणून वायर तिच्यातून ओवली, डिकीतून मागच्या सीटखाली, तिथून पायपुसण्याखालून पुढे. करंट घेतला तो मागे जाताना लागणाऱ्या दिव्याचा, म्हणजे उलटा गिअर टाकला की टीव्हीवर चित्र. निदान तसं ठरलं होतं. चित्र काही येईना. चार दिवस डोकं खाजवलं, मग कळलं की अर्थिंगची वायर रंगावर बसवली होती. पॉलिश पेपरने रंग खरवडला आणि चित्र आलं. इंजिन चालू केलं की चित्रात आडव्या रेघा यायच्या, त्यासाठी आणखी काय काय जोडलं. मी शाळेतून आले की बॅटरी धरायला उभी. त्या दोन महिन्यांत आबांनी अक्कांना तो प्रश्न विचारला नाही.

आणि इथे मी माती खाल्ली. वीस वर्षं प्रकाश शिकवणारी बाई! आबांनी मला विचारलं होतं, "बाई, हा कॅमेरा उजवं-डावं आरशासारखं दाखवेल, का डोळ्यासारखं?" मी हातात वह्यांचा गठ्ठा घेऊन घाईत होते. म्हणाले, आरशासारखंच, त्यात काय.

पहिल्या दिवशी अक्कांना उचलून पुढच्या सीटवर बसवलं, मांडीवर उशी, उशीवर टीव्ही. मी मागे ओट्याशी उभी राहिले. आबांनी उलटा गिअर टाकला, आणि अक्का नीट बसल्या. मी काचेतून पाहिलं ना, बाई ताठ झाली! डावा पंजा हलायला लागला. गाडी हळूहळू येत होती. गाडीच्या डाव्या अंगाला भिंतीला टेकून एक सायकल उभी होती. कॅमेरा आरशासारखं दाखवत नाही, मागे वळून पाहिल्यासारखं दाखवतो, त्यामुळे अक्कांना ती सायकल उजवीकडे दिसली. त्यांनी हाताने सांगितलं, डावीकडे घ्या. आबांनी घेतली, आणि गाडी सरळ सायकलवर. नुसती सायकल पडली, चाक वाकलं, दुसरं काही नाही. पण अक्कांचं तोंड पांढरंफटक पडलं. टीव्ही त्यांनी मांडीवरून ढकलून दिला आणि बिनआवाजाचं रडायला लागल्या. आबांनी स्टिअरिंगवर डोकं टेकलं. मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं.

संध्याकाळी मी आबांसमोर कागदावर आकृती काढली आणि चूक माझी आहे म्हणून सांगितलं. ते रागावतील असं वाटलं होतं, पण त्यांनी आकृती नीट पाहिली आणि एवढंच विचारलं, उलटं कुठं करायचं ते सांगा. टीव्हीत किरण वळवणारी एक गुंडाळी असते, तिच्यातला प्रवाह उलटा केला की किरण उलट्या बाजूला वळतो, हे मी दर वर्षी फळ्यावर लिहायचे. पण कधी करून पाहिलं नव्हतं. आबांनी टीव्ही उघडला आणि गुंडाळीच्या दोन वायरींची अदलाबदल केली. मागच्या स्कूटरचा नंबर टीव्हीत उलटा दिसायला लागला, पण डावं डावीकडे आलं. अक्का मात्र आठ दिवस गाडीत बसायला तयार नव्हत्या. आबा रोज सकाळी गाडी पुसायचे, त्यांच्या खुर्चीशी येऊन उभे राहायचे, आणि परत जायचे. नवव्या दिवशी अक्कांनी आपणहून हात पुढे केला.

त्यानंतर रोज सकाळी सात वाजता आमची ही स्वारी. मी मागे उभी, गाडी येते आहे, काचा खाली. किती दिवस गेले मोजले नाहीत. एका सकाळी गाडीतून आवाज आला, घोगरा, ओळखू न येणारा, "येऊ... येऊ द्या." आबांनी गाडी थांबवली. उतरले, मागे आले, माझ्याकडे पाठ करून डिकीला टेकून उभे राहिले. खांदे हलत होते. मग धोतराच्या सोग्याने तोंड पुसून पुन्हा जाऊन बसले आणि म्हणाले, "पुन्हा सांग." अक्कांनी पुन्हा सांगितलं. महिन्याभरात "बस"ही आलं. आलं तेव्हा आबांनी असा ब्रेक दाबला की अक्का टीव्हीसकट पुढे गेल्या, आणि हसल्या. वाकडंच हसू, पण हसू. मीही रस्त्यात उभी राहून रडले, मला लाज नाही वाटत सांगायला.

मग "हो" आलं. पण ते प्रत्येक गोष्टीला यायचं. चहा घेणार का? हो. नको का? हो. डॉक्टर म्हणाले, असं होतं, मनात नाही असलं तरी तोंडातून हो येतं. आबांनी यावर आपल्या पद्धतीने इलाज काढला. ते आता अक्कांना तो खरा प्रश्न एकदम विचारत नसत. आधी ज्यांची उत्तरं माहीत आहेत ते विचारायचे. आपण नाशिकला राहतो का? हो. तू बाप्या आहेस का? हो. मग आबा म्हणायचे, आज माप बरोबर नाही, आणि उठून जायचे. रोज पाच प्रश्न. पाचही बरोबर आले, की सहावा तो विचारायचा, असं त्यांनी मला सांगितलं. सहावा कुठला ते सांगायची गरज नव्हती.

एक दिवस दुपारी मी अक्कांची वेणी घालत होते. आबा बाजारात गेले होते. अक्कांनी माझ्या हातातून कंगवा घेतला आणि चादरीवर उभा धरला. मग डोळ्यांनी खाटेवरचा पावडरचा डबा दाखवला. मी तो जवळ सरकवला, तर त्यांनी कंगवा माझ्या हातात दिला, असाच उभा धर म्हणून खुणावलं, आणि डबा घेऊन सावकाश कंगव्याकडे ढकलत आणला. मधेच डबा सोडून स्वतःच्या तोंडाकडे बोट केलं, तोंड उघडलं, मिटलं, आवाज येत नाही असं दाखवलं. पुन्हा डबा ढकलला, तो कंगव्याला लागला. मग त्यांनी कंगवा आडवा पाडला.

मला कळलं, तरी विचारलं. आधी वाचा गेली, तुम्ही उभ्याच होतात, गाडी येताना दिसत होती? "हो." थांबवायचं होतं, शब्द आला नाही? "हो." गाडी लागली, मग पडलात? "हो." त्या सगळ्यालाच हो म्हणतात म्हणून मी उलटंही विचारलं, की आधी पडलात? तोंडातून आलं "हो," पण मान जोरात नकाराची हलवली, आणि डबा-कंगव्याचा तो खेळ पुन्हा करून दाखवला. त्यांनी डावा हात माझ्या तोंडावर ठेवला, चांगला दाबून. मी म्हणाले, नाही सांगणार. मग त्या माझ्या ओठांकडे बोट दाखवायला लागल्या. मला कळेना काय म्हणतात ते. मी पुन्हा म्हणाले, नाही सांगणार, अक्का. त्यांनी बोट ओठांवर टेकवून तिथेच थांबवलं. त्यांना "नाही" हा शब्द हवा होता.

मग मी तो शिकवला. रोज शाळेतून आल्यावर अर्धा तास, आबांना सांगायचं की वर्तमानपत्र वाचून दाखवते आहे. "ना" लवकर आला. "ही" काही केल्या येईना, शेवटी "हो"च यायचं आणि अक्का मुठीने मांडी बडवायच्या. शाळेत मी हजारो मुली शिकवल्या, पण इतक्या जिद्दीची विद्यार्थिनी एक नाही पाहिली. आणि शिकत होत्या कशासाठी, तर नवऱ्याला एकदा खोटं सांगता यावं म्हणून. आणि खोटं खपायचं तर आधीचे पाच प्रश्न बरोबर यायला हवेत, हेही त्यांना पक्कं कळत होतं. मला मधूनमधून वाटायचं की हे आपण काय करतो आहोत. पण खुर्चीशी उकिडवे बसणारे आबा आठवायचे आणि मी पुन्हा म्हणायचे, म्हणा अक्का, नाही.

तो दिवस रविवार होता. मी कपडे वाळत घालत होते, खिडकी उघडी. आबांनी सुरुवात केली. आपण नाशिकला राहतो का? "ना... ही." माझ्या हातातलं लुगडं तसंच राहिलं. तू बाप्या आहेस का? "नाही." आपल्या दाराशी गाडी आहे का? "हो." ती लाल आहे का? "नाही." मी तुझा नवरा का? "हो," आणि अक्का हसल्याचा आवाज. मग आबांचा आवाज बारीक झाला.

"त्या दिवशी गाडी तुला लागली होती का?"

"नाही."

स्पष्ट, एका दमात, अडखळ नाही की काही नाही. आबांनी पुन्हा विचारलं. अक्का पुन्हा म्हणाल्या, नाही. मला इतका आनंद झाला की काय सांगू. जमलं, म्हटलं, सुटला बिचारा.

आबा बाहेर येऊन ओट्यावर बसले. मी तोंडावर काही न दाखवता बादली उचलून निघाले होते, तर त्यांनी बसायला सांगितलं. म्हणाले, "ऐकलंत?" मी म्हणाले, ऐकलं, किती चांगलं झालं.

"धक्का मला लागला होता, बाई. त्याच दिवशी, सीटमध्ये. हलका होता, पण तीस वर्षं बोटांनी माप ओळखलेला माणूस मी, मला नाही कळणार? गाडी आधी लागली. मग ती पडली. टेप लावला तो बोटं खोटी ठरावीत म्हणून."

मी म्हणाले, मग हे इतके महिने विचारत कशाला होतात?

"ती हो म्हणाली असती," आबा म्हणाले, "तर मी तिची माफी मागितली असती. आपणहून मागायची हिंमत नव्हती माझ्यात. तिनं एकदा तोंडानं म्हणावं, हो, तुम्ही पाडलं मला, म्हणजे मला पाय धरता आले असते." मग गल्लीतल्या गाडीकडे पाहत म्हणाले, "आता ती नाही म्हणाली. कशासाठी म्हणाली ते मला कळलं. आता कशाची माफी मागू? मागितली तर ती खोटी ठरते. एवढ्या कष्टानं बोलली ती." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "मला माहीत आहे हे तिला कधी कळू देऊ नका."

मी मान हलवली. दुसरं काय करणार होते? त्या घरातल्या दोन माणसांनी एकाच गोष्टीसाठी माझ्याकडून शब्द घेतला होता, एकाने दुसऱ्याला कळू नये म्हणून, दुसऱ्याने पहिल्याला. दोघंही आता नाहीत, अक्का आधी गेल्या आणि दोन वर्षांनी आबा, म्हणून आज लिहिते आहे. आबांनी माफी मागितली नाही. शेवटपर्यंत रोज सकाळी अक्कांना गाडीत बसवून त्यांच्या शब्दावर गाडी मागे नेत राहिले, एवढंच.

त्या रविवारी मी बादली तिथेच ठेवून आत गेले. अक्का दाराकडे डोळे लावून बसल्या होत्या. विचारता येत नव्हतं, म्हणून माझा पदर धरून ओढला आणि ओट्याच्या दिशेने मान हलवली. मी त्यांच्यापाशी बसले, त्यांचा डावा हात हातात घेतला आणि म्हणाले, "पटलं त्यांना, अक्का. सगळं पटलं."

अक्कांनी माझ्याकडे नीट पाहिलं, आणि हात सोडला. त्या दुपारी किती तरी महिन्यांनी त्या शांत झोपल्या.